हप्ता का चुकला, हे विचारण्याआधी

(रोहा येथे प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. ताई बोलल्या तसंच ठेवलं आहे, फक्त जागेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

 

मला विषय दिलाय ‘व्यसन आणि कुटुंबाचं आरोग्य’. मी डॉक्टर नाही. प्रशिक्षणात शिकले आणि घरात भोगलं, तेवढंच सांगणार आहे.

पहिला प्रश्न तुम्हालाच. इथे मशेरी लावणाऱ्या किती जणी आहेत? हात वर करा. लाजू नका, माझाच हात पहिला. बघा, अर्धा मंडप झाला! आता खरं सांगा, किती जणींनी सोडायचं ठरवलं होतं? आणि किती दिवस टिकलं?

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. एक दिवस लावली नाही की डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते, पोरांवर उगाच हात उठतो. तोंडाचा कॅन्सर होतो हे आपल्याला माहीत आहे, तरी बोट डबीकडे जातं. डोक्याला कळतं, पण तलफ ऐकत नाही. नवऱ्याची दारू याच जातीची आहे, फक्त फार मोठी. मेंदूला सवय लागते, मग तो मागतो. हे कळलं म्हणजे त्याने केलेलं सगळं माफ झालं असं नाही. पण ‘मनात आणलं तर एका दिवसात सोडेल’ असं आपण म्हणतो ना, ते किती कठीण आहे हे आपल्या डबीला विचारा.

आता माझं सांगते. काही वर्षांपूर्वी मी गटातून शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. दोन शेळ्या आणल्या. ऐन आवणीत, मी शेतावर असताना, त्यातली एक घरच्यांनी विकली. घरच्यांनी म्हणजे कोणी, ते तुम्हाला कळलं. पैसे दारूत गेले. माझे लागोपाठ तीन हप्ते चुकले. पहिल्या बैठकीत मी सांगितलं, पोरीला ताप होता. दुसऱ्या बैठकीत सांगितलं, बँकेत रांग होती. तिसऱ्या बैठकीला गेलेच नाही. मागाहून कानावर आलं, एक जण म्हणाली, “नवरा सांभाळता येत नाही तर कर्ज कशाला घ्यायचं?” मी तिला दोष देत नाही. वर्षभर आधी दुसऱ्या एका ताईबद्दल मी स्वतः हेच बोलले होते.

दारूपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. कारण मनात मलाही तेच वाटायचं. माझंच काहीतरी चुकतंय, मी नीट बोलत नाही, जेवण वेळेवर देत नाही, म्हणून हा पितो.

त्याच आठवड्यात गटातली एक वयस्कर मावशी संध्याकाळी घरी आली. पडवीत बसली. हप्त्याचं नाव काढलं नाही, सल्ला दिला नाही. म्हणाली, “बोल बाय.” मी तासभर बोलले आणि रडले. जाताना ती एवढंच म्हणाली, “हे तुझ्यामुळे झालेलं नाही.” त्या रात्री मी पुष्कळ दिवसांनी झोपले.

पुढे प्रशिक्षणात कळलं की मावशीने जे केलं, त्याला शास्त्रात पहिली पायरी म्हणतात. इंग्लंडातल्या संशोधकांनी व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी पाच पायऱ्यांची एक पद्धत तयार केली. आपल्या शेजारच्या गोव्यात ‘संगत’ नावाची संस्था १९९६ पासून काम करते. तिने ही पद्धत गोव्यातल्या कुटुंबांसाठी, साध्या स्थानिक समुपदेशकांच्या हातून वापरून पाहिली. पायऱ्या अशा: आधी तिचं ऐकून घ्या. मग व्यसनाची खरी माहिती द्या. मग ती आत्ता कसं निभावतेय ते बघा. तिला आधार देणारं कोण आहे ते शोधा. आणि शेवटी, पुढे कुठल्या मदतीची गरज आहे ते ठरवा.

या संशोधकांचं म्हणणं असं, की घरची बाई व्यसनाचं कारण नाही. तीही आजारीच, असंही नाही. ती भयंकर ताणाखाली असलेलं साधं माणूस आहे. त्या ताणाने तिचं डोकं दुखतं, झोप जाते, छातीत धडधड होते. तो पिणं सोडेपर्यंत तिने थांबायचं कारण नाही. तिला स्वतःसाठी मदत मिळायला हवी.

निभावण्याचे तीन प्रकार सांगतात. पहिला, सहन करणं. त्याची उधारी आपण फेडतो, मालकाला फोन करून “ताप आलाय” सांगतो. त्या दिवसाचं भांडण टळतं, पण त्याला स्वतःच्या पिण्याची झळ लागत नाही. दुसरा, समोर उभं राहणं. बोलणं, अट घालणं, पैसे वेगळे ठेवणं. त्यात कधी बदल होतो, कधी भांडण पेटतं. तिसरा, अंग काढून घेणं. आपलं काम, आपला गट, आपली पोरं बघणं. त्यात आपल्याला श्वास मिळतो, पण घरात अबोला वाढतो. यातलं एकच बरोबर आणि बाकी चूक, असं नाही. प्रत्येकाचा फायदा आहे, तोटा आहे. घर तिचं आहे, म्हणून निवड तिची. आपण फक्त तिला मोजून बघायला मदत करायची.

मी काय निवडलं? उधारी फेडणं बंद केलं. आणि तो प्यायलेला असताना बोलणं बंद केलं. हे दुसरं फार अवघड गेलं. राग आला की जीभ थांबत नाही. मग शिकवलं तसं करायला लागले. आधी मनात नाव द्यायचं: हा राग आहे, ही भीती आहे, ही लाज आहे. नाव दिलं की ते थोडं हातात येतं. मग ओट्याशी जाऊन पाणी प्यायचं, श्वास हळूहळू सोडायचा. भरती चढते तशी रागाची लाट चढते आणि ओसरते. तलफेचंही तसंच आहे, बहुतेक वेळा अर्ध्या तासात ती उतरते. सकाळी तो शुद्धीवर असताना, पोरं शाळेत गेल्यावर, मी दोनच वाक्यं बोलायचे: काल काय झालं आणि मला काय वाटलं. शिव्या नाहीत, मागचा इतिहास नाही.

कोणी याचा अर्थ गप्प बसून गिळा असा घेऊ नका. गिळलेलं आतून पोखरतं. बोलायचंच आहे, फक्त वेळ आपण निवडायची.

आता पिणाऱ्याबद्दल. याच ‘संगत’च्या संशोधकांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, त्रास होईल इतकं पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. निम्म्यांना समुपदेशकाबरोबर जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. समुपदेशक गावातलेच, मानसोपचाराची पदवी नसलेले. मित्रांना नाही कसं म्हणायचं, मनातला ताण कसा हाताळायचा, अडचण कशी सोडवायची, हेच त्यात होतं. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी शंभरात ३६ जणांचं पिणं धोक्याच्या खाली आलं. न मिळालेल्यांत शंभरात २६. वर्षानंतरही फरक टिकून होता. म्हणजे उपाय आहे. सगळ्यांना लागू पडतो असं नाही, पण आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट नीट ऐका. पिणं कमी झालं, तरी बायकोला होणाऱ्या मारहाणीत ठाम फरक दिसला नाही. म्हणून ‘दारू सुटली की मारणं थांबेल’ या आशेवर कोणी बसू नका. मारहाण हा वेगळा गुन्हा आहे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी आहेत. महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२. हे नंबर पाठ करा.

तीन गोष्टी करू नका. एक, न सांगता जेवणात पावडर मिसळू नका. अशा बऱ्याच पावडरींत असं औषध असतं की वर दारू पडली तर रक्तदाब एकदम खाली जातो, हृदयावर येतं, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टरांनी, त्याला सांगूनच द्यायचं असतं. दोन, रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एका दिवसात सोडायला लावू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते. त्याला दवाखान्यात न्या. तीन, पोरांना मध्ये घालू नका. त्यांना एवढं सांगा: बाबा आजारी आहेत, ते तुझ्यामुळे नाही, आणि त्यांना बरं करणं हे तुझं काम नाही.

२०१९ च्या सरकारी अहवालात आहे की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळते. बाकीचे ३७ आपल्याच वाड्यांत आहेत. मोफत सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे नंबर आहेत. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं. तिथे पत्नींसाठीही वेगळं काम चालतं, कारण घर सावरल्याशिवाय माणूस सावरत नाही हे त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं.

आता गटाकडे येते. आपल्या दशसूत्रीत नियमित परतफेड आहे, तसं आरोग्यही आहे. मी कर्ज माफ करा म्हणत नाही. तो पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. पण माझ्या तीन सूचना आहेत. ताईचा हप्ता चुकला तर भर बैठकीत विचारण्याआधी एकीने घरी जाऊन विचारावं. जे कळेल ते पाणवठ्यावर जाऊ नये, घरी गेलेल्या ताईने शब्द पाळावा. आणि खरी अडचण असेल तर ठराव करून हप्ते लहान करावेत. कर्ज शेळीसाठी असेल तर पैसे हातात न देता शेळीवाल्याला द्यावेत. माझ्या गटाने हे केलं. माझं कर्ज उशिरा फिटलं, पण पूर्ण फिटलं.

माझे मालक आता पीत नाहीत, असं छातीठोक सांगायला आवडलं असतं. दोनदा सोडली, दोनदा परत सुरू झाली. आता तिसऱ्यांदा सात महिने झालेत. पुन्हा घसरले तर? तर पुन्हा दवाखान्यात. मी मात्र पहिल्यासारखी खोटं बोलणार नाही, आणि बैठक चुकवणार नाही.

आणि हो, सुरुवातीला मी हात वर केला होता. ती डबी मी एकोणीस दिवसांपूर्वी चुलीत टाकली. आज सकाळीही बोट शोधत होतं. ज्यांना माझ्याबरोबर सोडायची आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. एकटीने नाही जमत, हे मी आता पक्कं शिकले आहे.