फुकट सॉफ्टवेअर आणि शाळेचा संगणक कक्ष

शाळेच्या संगणकावर नवं सॉफ्टवेअर घालताना पडद्यावर परवान्याचा लांबलचक मजकूर येतो. तो न वाचताच आपण ‘मान्य’वर क्लिक करतो. पण फुकट मिळणाऱ्या सगळ्याच सॉफ्टवेअरच्या अटी सारख्या नसतात.

प्रोग्राम लिहिण्यासाठीचं पायथॉन घ्या. त्याचा परवाना मुक्त आहे. ते हव्या तितक्या संगणकांवर टाका, पेन ड्राइव्हवर घालून विद्यार्थ्यांना घरी द्या; पैसे नाहीत, वेगळी परवानगीही नाही.

मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी विनामूल्य आहे, पण मुक्त नाही. वर्गात शिकण्या-शिकवण्यासाठी ते कितीही जणांनी वापरावं. मात्र शाळेच्या कार्यालयासाठी फीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम त्यात लिहायचा, तर तो वर्गातला वापर ठरत नाही. तिथे लहान संस्थेला पाच जणांची मर्यादा लागते आणि मोठ्या संस्थेला तेवढीही मुभा नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली खुलं केलेलं स्क्रॅच हे प्रोग्राम बनवण्याचं साधन मुलांच्या आवडीचं. त्याच्या संकेतस्थळावर एकाने प्रसिद्ध केलेला खेळ दुसऱ्याने घेऊन बदलला तरी चालतो. अटी दोनच: मूळ कर्त्याचं श्रेय द्यायचं आणि आपला नवा खेळही त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा. दुसऱ्याच्या कष्टाचा मान राखायचा, हा संस्कार मुलांवर इथेच होतो.

शिक्षकहो, सॉफ्टवेअर घालण्याआधी परवाना वाचा, त्याची प्रत फायलीला लावा आणि त्यातल्या अटी मुलांनाही समजावून सांगा. चोरीची प्रत मात्र शाळेत कधीही नको.