आत्मघात आणि विवेक



पूर्ण विचारांतीं मनुष्य आपला प्राण देऊं शकतो काय, हा वाद फार जुना आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानें तसा अधिकार मनुष्यास दिला. डेव्हिड ह्यूम याचा या विषयावरील निबंध त्याच्या मरणानंतर १७७७ सालीं प्रसिद्ध झाला; त्यानेंही व्यक्तीच्या स्वातंत्र्याचीच बाजू घेतली. या थोरांशीं वाद घालण्याचा मजसारख्या शाळामास्तराला अधिकार नाहीं. परंतु गणित शिकवितांना मास्तराला एक गोष्ट नित्य दिसते. रीत बिनचूक असते आणि उत्तर मात्र चुकतें. कारण मुलानें फळ्यावरील आंकडाच चुकीचा उतरून घेतलेला असतो.

निराश मनुष्याच्या तर्काचें असेंच होतें. ‘माझें पुढें कांहींच बरें होणार नाहीं, मी घरच्यांना भार आहें, म्हणून मी नसलेलाच बरा.’ यांतील ‘म्हणून’ निर्दोष भासतो. पण पहिलीं दोन विधानें कोणीं पडताळून पाहिलीं? पुढील काळ कोणीं पाहिलेला नाहीं, आणि घरच्यांना तर विचारलेंच नाहीं. तीं विधानें विवेकाचीं नसून दुःखाचीं आहेत. विषण्णतेचा विकार जडला म्हणजे पुढचें दिसेनासें होतें, आणि आपल्या डोळ्यांपुढचा अंधार हाच जगाचा अंधार असें वाटूं लागतें.

परीक्षेंत नापास झालेला एक हुशार विद्यार्थी एका सायंकाळीं माझ्याकडे येऊन आपल्या मरणाचीं कारणें क्रमवार सांगूं लागला. मीं त्याचें खंडन केलें नाहीं. त्याला जेवूं घातलें, रात्रीं ठेवून घेतलें, आणि सकाळीं त्याच्या वडिलांना बोलावून आणलें. आज त्याचीं मुलें शाळेंत जातात.

हा एकट्याचाच अनुभव नव्हे. सान फ्रान्सिस्को येथें १९३७ ते १९७१ या काळांत आत्मघाताच्या ऐन क्षणीं अडविलेल्या ५१५ व्यक्तींचा मागोवा रिचर्ड सायडेन या संशोधकानें घेऊन तो १९७८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील शेंकडा नव्वदांहून अधिक लोक पुढें एक तर हयात होते किंवा नैसर्गिक मरणानें गेले होते. ज्या निश्चयापुढें जन्म संपवावा असें वाटलें, तो निश्चयच अल्पायुषी ठरला!

कोणी विचारील, असाध्य रोगानें जर्जर झालेल्याचें काय? त्याचें दुःख भ्रम नव्हे, हें मला मान्य आहे. मरण लांबविणारे उपचार नाकारण्याची मुभा आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिली. तेथें मरण रोगानें येतें, मनुष्य केवळ त्याची वाट अडवीत नाहीं. नेदरलंड्सनें २००२ सालीं याहून पुढें पाऊल टाकलें. पण तेथेंही रोग्याच्या डॉक्टरला दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचा विचार घ्यावा लागतो. म्हणजे जेथें हें द्वार उघडलें, तेथेंही एकाकी मनाच्या एकट्या निर्णयावर कायद्यानें भिस्त ठेवलेली नाहीं.

तेव्हां माझें उत्तर असें. मरणोन्मुख रोग्याचा विवेक मी नाकारीत नाहीं. परंतु जो निर्णय उद्यांपर्यंत थांबूं शकत नाहीं, आणि जो दुसऱ्याला सांगवत नाहीं, त्याला विवेक हें नांव शोभत नाहीं.

घरांत कोणी अशी भाषा बोलूं लागल्यास तत्त्वज्ञान सांगूं नका. जवळ बसा आणि स्पष्ट विचारा; विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो, ही समजूत खोटी आहे. त्याला एकटें सोडूं नका, डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनि-सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. आणि ऐकणाऱ्यांपैकीं कोणाच्या मनांत आज असें गणित चाललें असेल, तर मास्तराची एवढीच विनंती आहे: उत्तर लिहूं नका, पाटी आधीं दुसऱ्या कोणाला दाखवा.