विजेची गाडी उभी कुठे राहणार?

(मुलुंड येथील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



विजेवर चालणारे वाहन मुंबईला नवे नाही. १९०७ साली येथे विजेची ट्राम सुरू झाली आणि १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची रेल्वे धावली. या वाहनांना चालता चालता डोक्यावरच्या तारेतून वीज मिळे. आजच्या मोटारीला ती उभे राहून घ्यावी लागते आणि उपनगरांत उभे राहण्याचीच पंचाईत! चार्जिंगचा प्रश्न हा मुळात जागेचा प्रश्न आहे.

कायद्याची अडचण फारशी उरलेली नाही. चार्जिंग केंद्राला वीज परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ सालीच स्पष्ट केले. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या वीजजोडणीवरून वाहन चार्ज करण्याची मुभा दिली. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने बृहन्मुंबईसाठी १५०० केंद्रांचे लक्ष्य ठरवले होते. घोडे अडते ते गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत. केबल पेलणार नाही, आग लागेल, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी खर्च का सोसावा? हे आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. खर्चाचा आक्षेप तर पूर्णपणे न्याय्य आहे. त्यासाठी स्वतंत्र मीटर हवा. आगीचा खरा धोका तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लोंबणाऱ्या वायरीत आहे. योग्य अर्थिंग असलेली पक्की जोडणी त्याहून कितीतरी सुरक्षित.

राहिला केबलचा प्रश्न. येथे थोडे गणित करू. बोरिवलीहून अंधेरीला जाऊन येणाऱ्या गाडीला दिवसाला साधारण पाच युनिट वीज पुरते, म्हणजे आठवड्याला तीस. सोळा अँपिअरचा साधा प्लग तासाला सुमारे ३.३ युनिट देतो. रात्री दहाला लावलेली गाडी सकाळी सातपर्यंत आठवड्याची बेगमी करते! म्हणजे एका प्लगवर सात गाड्यांची वारांप्रमाणे पाळी लागू शकते. चौदा गाड्यांना दोन प्लग पुरे. जुन्या इमारतीची केबल एवढा भार बहुधा पेलेल. तरी मंजूर भार आधी वीज कंपनीकडून तपासून घ्यावा. प्रत्येक सभासदाने आपापला चार्जर बसवण्याचा हट्ट धरला, तर मात्र कोणतीही केबल पुरणार नाही. सणावारी पाण्याची पाळी लावणाऱ्या आपल्या समाजाला हे अवघड का वाटावे, हे मला कळत नाही.

स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपण कच्च्या तेलाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा आयात करतो, म्हणून ही वाहने हवीत. पण त्यांच्या बॅटरीतील सेल आजही मुख्यतः चीनमधून येतात. देशात सेल बनावेत म्हणून २०२१ साली १८,१०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तिचे फळ पदरात पडेपर्यंत एका परावलंबनाच्या जागी दुसरे येणार आहे.

आता ज्यांना सोसायटीच नाही त्यांच्याविषयी. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर किंवा भांडुपच्या वस्तीत राहणारा, घरोघर सामान पोहोचवणारा तरुण गाडीची बॅटरी काढून खोलीत नेतो. दहा बाय बाराच्या त्या खोलीत ती रात्रभर चार्ज होते आणि शेजारी मुले झोपलेली असतात. मॉलमधील जलद चार्जर त्याच्यासाठी नाहीत. सार्वजनिक चार्जिंगचा पैसा सर्वप्रथम येथे लागला पाहिजे. वस्तीच्या तोंडाशी, महापालिकेच्या मंडईत, रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेण्याची सोय व्हावी. सेवावस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत अशा किती बॅटऱ्या खोल्यांत जातात, याची मोजदाद करून ती यादी प्रभाग कार्यालयात द्यावी. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी होतात; पाळीचा विषय विषयपत्रिकेवर घ्यायचा तर सचिवांना आधीच लेखी कळवावे लागेल.