अर्ज आपला, अक्षर आपले

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आतापर्यंत आपण घरच्या माणसांना पत्र लिहायला शिकलो. कामाला पुण्याला गेलेला मुलगा, सासरी नांदणारी लेक, पंढरपूरच्या वारीतून परतलेला मामा, अशांना चार ओळी कशा लिहाव्यात हे तुम्हाला आता येते. आता घरची बोलणी फोनवर होतात, हे खरे. पण कचेरीचे काम अजून कागदावरच चालते. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते, कागदावर लिहिलेले जागेवर राहते. म्हणून आज आपण कचेरीला पत्र कसे लिहावे ते पाहू. त्यालाच आपण अर्ज म्हणतो.

आधी थोडी मागची गोष्ट सांगतो. आपला परभणी जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे पहिल्याने दरबारचा कारभार फारशीत चाले. पुढे १८८० नंतरच्या काळात तो उर्दूत होऊ लागला. शेतकरी बोलणार मराठी, आणि कागद उर्दूचा. मग काय करायचे? कचेरीच्या दारात अर्जनवीस बसलेला असे. त्याला पैसे द्यायचे, आपली कहाणी सांगायची, तो लिहील त्यावर अंगठा उठवायचा. आत काय लिहिले हे त्यालाच ठाऊक! पुष्कळ अर्जनवीस प्रामाणिक असतील. पण आपल्याच अर्जात काय आहे हे आपल्याला कळू नये, ही केवढी लाचारी!

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६४ सालच्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. म्हणजे आज सेलूच्या, जिंतूरच्या, गंगाखेडच्या तहसील कचेरीत तुमच्या घरची भाषा चालते. भाषेची अडचण गेली, पण जुनी सवय काही गेली नाही. अजूनही पुष्कळजण कचेरीबाहेर कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतात आणि न वाचता सही करतात. दुसऱ्याकडून लिहून घेण्यात कमीपणा नाही. न वाचता सही करण्यात मात्र धोका आहे. गट नंबर चुकला, तारीख चुकली, तर नुकसान लिहिणाऱ्याचे होत नाही, आपले होते.

आता एक खरे उदाहरण घेऊ. २०२० सालच्या खरिपात मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी सोयाबीन पेरले आणि ते उगवलेच नाही. तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली. अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती काय असते? बियाण्याची पावती, पिशवीवरचे लेबल, आणि वेळेवर दिलेला अर्ज. पेरणी मोडून दुबार पेरले की रानातला पुरावा गेला. म्हणून असा अर्ज त्याच आठवड्यात गेला पाहिजे.

असा अर्ज कसा असावा, ते पाहा.

दिनांक : २२ जून २०२०

प्रति,
तालुका कृषी अधिकारी, सेलू.

विषय : सोयाबीनचे बियाणे न उगवल्याने शेताची पाहणी व पंचनामा होण्याबाबत.

महोदय,

मी मौजे ..... येथील शेतकरी आहे. गट नंबर ..... मध्ये माझी दोन एकर जमीन आहे. मी १० जून रोजी ..... या दुकानातून सोयाबीनच्या दोन पिशव्या घेतल्या. पावती नंबर ..... आणि लॉट नंबर ..... असा आहे. १२ जून रोजी चांगल्या ओलीवर पेरणी केली. आज दहा दिवस झाले. मोजून पाहता शंभर दाण्यांमागे सुमारे वीस रोपे दिसतात.

तरी माझ्या शेताची पाहणी करून पंचनामा करावा व त्याची नक्कल मला द्यावी, ही विनंती.

सोबत : पावतीची नक्कल, लेबलाची नक्कल, सातबारा.

आपला विश्वासू,
(सही)
पूर्ण नाव, गाव, फोन नंबर

झाला अर्ज. एका पानाच्या आत बसला. यात काय काय आहे, ते बोटांवर मोजू. कोणाला, कशाबद्दल, मी कोण, काय घडले, मला काय हवे, सोबत काय जोडले. सहाच गोष्टी. या सहांतली एक जरी राहिली, तरी कारकून कागद परत करतो किंवा बाजूला ठेवतो.

आता यात काय नाही, तेही पाहा. ‘मायबाप सरकार, मी गरीब आहे, माझी लेकरे उपाशी आहेत’ असे यात कुठे नाही. तुमचे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण साहेबाला पंचनामा करायचा तर त्याला गट नंबर लागतो, तारीख लागते, लॉट नंबर लागतो. दुःखाचे वर्णन दोन पाने केले आणि लॉट नंबर राहिला, तर साहेबाची इच्छा असूनही त्याला काही करता येत नाही. दुसरे असे, की आपण भीक मागत नाही. आपण आपले काम सांगतो. म्हणून भाषा नम्र असावी, पण लाचार नसावी. रागाची तर मुळीच नसावी. शिवी दिलेला अर्ज वाचला जातो तो शिवीसाठी, कामासाठी नव्हे.

‘पुष्कळ बी गेले’ असे न लिहिता ‘शंभरामागे वीस’ असे का लिहिले? कारण सोयाबीनच्या बियाण्याची उगवण शंभरात निदान सत्तर असावी, असे सरकारी प्रमाण आहे. तुम्ही आकडा लिहिलात की वाचणाऱ्याला तो प्रमाणाशी ताडून पाहता येतो. ‘पुष्कळ’ हा शब्द कशाशी ताडणार?

आता इंग्रजी पत्राचे पाहू. तालुक्याच्या कचेरीला इंग्रजी लागत नाही. पण बियाण्याची कंपनी परराज्यातली असते, मुलगा कामाला असतो तो कारखाना दिल्लीकडचा असतो. तिथे मराठी वाचणारा भेटेलच असे नाही. मग इंग्रजीत लिहावे लागते. इंग्रजी म्हटले की आपली छाती दडपते. पण मंडळी, इंग्रजी पत्राचा सांगाडा आपल्या अर्जासारखाच आहे. ‘प्रति’ला ‘टू’, ‘दिनांक’ला ‘डेट’, ‘विषय’ला ‘सब्जेक्ट’. ‘महोदय’च्या जागी ‘डिअर सर ऑर मॅडम’. ‘आपला विश्वासू’च्या जागी ‘युवर्स फेथफुली’. तिथेही त्याच सहा गोष्टी लिहायच्या.

वाक्ये लहान असावीत. ही पाहा :

‘आय बॉट टू बॅग्ज ऑफ युवर सोयाबीन सीड ऑन टेन्थ जून ट्वेंटी ट्वेंटी.’ म्हणजे, मी १० जून २०२० रोजी तुमच्या सोयाबीन बियाण्याच्या दोन पिशव्या विकत घेतल्या.

‘द सीड डिड नॉट कम अप.’ म्हणजे, बी उगवले नाही.

‘प्लीज सेंड युवर ऑफिसर टू सी माय फील्ड.’ म्हणजे, आपला अधिकारी माझे शेत पाहायला पाठवावा.

‘प्लीज रिप्लाय इन रायटिंग.’ म्हणजे, उत्तर लेखी द्यावे.

एवढ्याने काम भागते. इंग्रज अंमलात पत्राच्या शेवटी ‘मी आपला अत्यंत आज्ञाधारक नोकर’ अशा अर्थाचे शब्द घालत. आता त्याची गरज नाही. आपण पैसे मोजून माल घेतला आहे, आपण कुणाचे नोकर नाही.

तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून, नातीकडून लिहून घ्या. पण वाक्ये तुम्ही सांगा. लिहून झाले की एकेका वाक्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा. आकडे आणि तारखा स्वतः ताडून पाहा. मग सही करा. आजोबांनी सांगायचे आणि नातीने लिहायचे, यात दोघांचेही शिक्षण होते.

अर्ज लिहिला, पण काम तेवढ्यावर संपत नाही. अर्ज नेहमी दोन प्रतींत करावा. एक कचेरीत द्यावी. दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. यालाच पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिला होता हे सिद्ध करणे कठीण. मूळ पावती, मूळ लेबल कुणाला देऊ नये, नक्कल द्यावी. रिकामी पिशवी आणि मूठभर बी जपून ठेवावे. पत्र टपालाने पाठवायचे तर साधे पाठवू नये. पूर्वी आपण रजिस्टर करत होतो. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने देशातली रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात मिसळली आहे. म्हणून आता स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती पत्राच्या नकलेला टाचून ठेवावी.

इतके करून सरकारी कचेरीने उत्तरच दिले नाही तर? तर २००५ सालचा माहितीचा अधिकार कायदा आहे. ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?’ असे या कायद्याने विचारता येते. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही, पण तसा दाखला जोडावा. उत्तर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत द्यावे लागते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अशा अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण दीडशे शब्दांत बसवावा. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे कागदावर उतरवायला माहिती अधिकाऱ्याने मदत केली पाहिजे, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. तुमच्या गल्लीत अजून वर्गाला न येणारे कुणी असेल, तर त्यांना ही गोष्ट अवश्य सांगा.

आणि तुम्हाला तर आता लिहिता येते. तुमचे अक्षर वेडेवाकडे असेल, ऱ्हस्वदीर्घ चुकत असेल. चुकू द्या. कचेरी अक्षराला मार्क देत नाही. नाव, गाव, गट नंबर, तारीख आणि मागणी ही पाच ठिकाणे मात्र दोनदा वाचा. निजामाच्या अमलात आपल्या आजोबा-पणजोबांना त्यांच्याच नावाचा कागद वाचता येत नव्हता. तुम्हाला येतो. तर मग बिनवाचलेल्या कागदावर सही करायची नाही, एवढे आजपासून ठरवू या.

अभ्यास

१. अर्जातल्या सहा गोष्टी पाठ म्हणा.

२. गावातला हातपंप बंद आहे. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीला अर्ज लिहा. पंप कधीपासून बंद आहे आणि किती घरांना त्याचे पाणी लागते, हे त्यात असू द्या.

३. घरात पूर्वी केलेला एखादा अर्ज असेल तर तो वर्गात आणा. त्यावर पोच आहे का, ते पाहा.