माती जिवंत आहे, तिला मारू देऊ नका

(खेड तालुक्याच्या पश्चिम भागातल्या बैठकीत झालेले भाषण)



आपली पोरं रोज चाकणला कामाला जातात. तिथल्या कंपन्यांबद्दल आपण पगार बोलतो, पाणी बोलतो, जमीन बोलतो. आज मातीतल्या जीवांबद्दल बोलू.

पिंपरीत 1954 ला सरकारी पेनिसिलिन कारखाना निघाला. तिथल्या शास्त्रज्ञांना पिंपरीच्याच मातीत एक सूक्ष्म जीव सापडला. त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध झालं, आणि त्या जीवाच्या नावातच पिंपरी आलं. म्हणजे माती औषध देते. आज त्याच पट्ट्यातली इंद्रायणी आळंदीला फेसाने पांढरी होते.

मुलामा देण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात क्रोमियम, निकेल, जस्त असतं. शेण कुजतं, पाला कुजतो, पण धातू कुजत नाही. एकदा मातीत बसला की पिढ्यान् पिढ्या राहतो. इंग्लंडात वोबर्न इथे 1942 ते 1961 शेतात शहराचा गाळ खत म्हणून टाकला. गाळ बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी तिथल्या क्लोव्हर गवताच्या मुळांवरच्या गाठी नीट काम करीनात. हवेतला नत्र धरणारे जिवाणू धातूने मारले होते.

हे आपल्याशी काय लागतं? आपण वाल, हुलगा, उडीद युरियाशिवाय काढतो, ते याच जिवाणूंच्या जीवावर. फुलोऱ्याच्या वेळी रोप हळूच उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर जिवाणू कामाला आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती काम करत नाही. त्याला कारणं बरीच असतात, पण तपास तिथूनच सुरू करा.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कुणी ट्रॅक्टरभर काळा गाळ "फुकट खत" म्हणून आणला, तर कुठून आला ते विचारा. लेखी सांगत नसेल तर वावरात घेऊ नका. दोन, रात्री ओढ्यात टँकर सोडताना दिसला तर गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहा, आणि ग्रामसभेच्या ठरावासह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. पोच घ्या. तीन, वनहक्क कायदा 2006, कलम 5. जंगल, पाणवठे, पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. तो कागदावर ठेवू नका, वापरा.

सातबाऱ्यावर नाव लागलं आणि खालची माती मेलेली निघाली, तर आपण काय मिळवलं? हक्क जमिनीचा मागतोय, तर जिवंत जमिनीचा मागू.

जय आदिवासी!