शांतिनिकेतनातील अभ्यागत

परदेशस्थ विद्वानास विद्यापीठात पाचारण करणे म्हणजे त्याच्या मुक्कामाची तजवीज करून, एक व्याख्यान ऐकून, हार घालून त्याची रवानगी करणे, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे, तिच्याहून सर्वस्वी भिन्न परिपाठ रवींद्रनाथांनी १९२१ साली शांतिनिकेतनात घातला. पॅरिसचे संस्कृत पंडित सिल्व्हाँ लेव्ही हे तेथील विश्वभारती विद्यापीठाचे पहिले अभ्यागत प्राध्यापक म्हणून सपत्नीक आले आणि चिनी व तिबेटी शिकवू लागले. कारण मूळ संस्कृतात लुप्त झालेले कित्येक बौद्ध ग्रंथ त्या भाषांतील अनुवादांतच शिल्लक आहेत. कलकत्ता विद्यापीठाने धाडलेले प्रबोधचंद्र बागची त्यांच्यापाशी चिनी शिकले, गुरूसमवेत नेपाळात गेले आणि पुढे विश्वभारतीचेच कुलगुरू झाले. इतके फळ कोणत्या सत्कारसमारंभास आले असते? मागाहून प्रागचे संस्कृत पंडित विंटरनित्झ आले. महाभारताच्या ज्या चिकित्सक आवृत्तीचा प्रस्ताव त्यांनी १८९७ मध्ये मांडला होता, ती पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्धीस नेली. १९२५ मध्ये इटालियन विद्वान फॉर्मिकी आणि तुची यांच्या आगमनासमवेत इटालियन ग्रंथांचा मोठा नजराणाही पोहोचला. तो मुसोलिनीच्या सरकारचा होता, आणि त्या नजराण्याची परतफेड कवीस पुढल्याच वर्षी इटलीच्या दौऱ्यात बरीच महागात पडली.