आमचा ताप आम्हीच मोजू



मी डॉक्टर नाही. गोदीत ओझी वाहतो, रात्री कविता खरडतो, शिक्षण मॅट्रिक. तरी आज तापावर बोलणार आहे. कारण साथ कुठूनही येवो, तिचा हिशेब शेवटी आमच्याच वस्तीत चुकता होतो.

जून १९१८. इन्फ्लुएन्झा मुंबईत उतरला. १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात गेले, त्यातला एक गोदीवर ड्यूटीला होता. मग गोदीतली माणसं, मग सारं शहर. पुढे सरकारी तक्ता निघाला. दर हजारी मेले ते युरोपियन ८.३, इतर हिंदू १८.९, खालच्या जातीचे हिंदू ६१.६. म्हणजे व्यवस्थेला आमची मोजणी बरोब्बर येते. फक्त ती मेल्यावर येते.

जिवंतपणी कोण मोजतो? इस्पितळ मोजतं, पण दारात पोचला त्यालाच. दोन गोळ्या गिळून पाळीवर जाणारा कुठल्याच वहीत नसतो. गेल्या पावसाळ्यात मी असाच फणफणत कामावर गेलो. खाडा पडला की रोज बुडतो. आठ दिवसांत निम्मी टोळी खोकायला लागली. मुकादमाला शिव्या घातल्या. त्यातल्या अर्ध्या मला लागू होत्या, मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आता ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल बघा. तेही बंदरच, कोळशाचं. २००६ साली तिथं ‘फ्लूट्रॅकिंग’ सुरू झालं. साधी माणसं आपखुशीनं नाव घालतात. दर आठवड्याला त्यांना सवाल येतात. ताप आला का? खोकला आला का? काम बुडालं का? घरच्यांचंही सांगता येतं. काही झालं नसेल तर तेही कळवायचं. शंभरात पाच आजारी की हजारात पाच, हे ठणठणीत माणसानं तोंड उघडल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरकडे न गेलेला तापही असा हिशेबात येतो.

खोट तिथंही आहे. ज्याच्याकडे ई-मेल आणि सवड, तोच बोलतो. यंत्रं आली तरी वेशीबाहेर कोण राहणार ते ठरलेलंच!

कुणी म्हणेल, ताप सांगितला तर उचलून नेतील. ही भीती खोटी नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरात घुसले, तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवली. झडती आली की माणूस लपतो. म्हणून वही आपल्याच हातात हवी. तिच्यात नाव नको. गल्ली आणि आकडा पुरे.

गल्लीगल्लीत एक पोरगा, एक पोरगी, एक वही. दर रविवारी दारोदार तेच तीन सवाल. आकडा फुगला की वही घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात जायचं, आणि म्हातारी माणसं, दमेकरी, पोटुशी बाया यांना आधी सांभाळायचं. सोबत तापाच्या दिवसाचा रोज मागायचा. रोज बुडणार असेल तर भुकेला माणूस खरं सांगेल कशाला?

१९१८ चा आकडा त्यांनी लिहिला, प्रेतं मोजून. पुढचा आपण लिहू, माणसं जिवंत असताना.

माझ्या गल्लीची वही मी धरतो. तुमच्या गल्लीची कोण धरतो? हात वर करा.